टाकीपर्यंत

“टाकीपाशी काय होतं?” सासूबाईंनी विचारलं.

नवरा नुकताच सायकलवरून येऊन आईच्या खाटेच्या पायथ्याशी टेकला होता. घाम पुसायच्या निमित्ताने त्याने तोंड टॉवेलात खुपसलं. “काय असणार? टाकी होती.”

“ते माहितेय मला. टाकी काय उठून फिरायला जात नाही. आणखी काय?”

“दोन गाढवं होती. चरत होती.”

“बरं. आणि रस्ता?”

“मस्त. एकदम मोकळा.”

सासूबाईंनी मान वळवून दारातल्या सुनेकडे पाहिलं. ती त्याच सकाळी, त्याच रस्त्याने, त्याच सायकलवरून नवऱ्याच्या आधी जाऊन आली होती आणि आपला वृत्तान्त सांगून मोकळी झाली होती. तिने नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं, पण त्याचं तोंड टॉवेलात. 

“हिला तर टाकीच्या अलीकडे रस्ता खणलेला दिसला. पाइप टाकतायत म्हणे. सायकल हातात धरून चिखलातून न्यावी लागली बिचारीला. तू काय उडत गेलास? आणि बूट बघा साहेबांचे! चिखलाचा ठिपका नाही.” सासूबाईंनी खाटेच्या कठड्यावर बसवलेली घंटी एकदाच, कडक वाजवली. “विनातिकीट सापडला! उतर खाली.”

“आई, मी...”

“कुठवर गेला होतास?”

“वखारीपर्यंत,” नवऱ्याने कबूल केलं. “तिथे टपरीवर चहा घेतला. पेपर वाचला.”

“आणि गाढवं?”

“गाढवं पेपरात होती.”

यावर सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना खोकल्याची उबळ आली. मग सुनेने पाठ चोळली, नवऱ्याने पाणी दिलं आणि रविवार पुढे सुरू झाला.

सासूबाईंनी उभी हयात सिटी बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली होती. गल्लीत अजूनही त्यांना कंडक्टरबाई म्हणत. गावाच्या मधोमध असलेल्या डेपोतून निघायचं, शाळा, लाकडाची वखार, कालव्याचा पूल, पाण्याची टाकी असं करत वीटभट्टीपाशी शेवटच्या स्टॉपवर पोचायचं आणि परत फिरायचं, हा त्यांचा मार्ग. दुसरा मिळत असताना त्यांनी घेतला नाही. या रस्त्यावरची माणसं माझी झालीत, म्हणायच्या. खुब्याचं हाड मोडलं, ते नीट जुळलं नाही, आणि ज्या बाईने अख्खं आयुष्य चालत्या बसमध्ये उभ्याने काढलं ती खाटेला खिळली. खाट धर्मादाय संस्थेकडून आणलेली, डोक्याकडून वर होणारी, कठडे असलेली. ती पहिल्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी लावली होती. खिडकीखाली फाटक. तेवढंच जग उरलं होतं आणि ते त्यांना पुरत नव्हतं, हे काही वेगळं सांगायला नको.

सुरुवातीला त्या हाक मारून बोलवायच्या. पुढे आवाज बसला. भरल्या बसमध्ये मागच्या दारापासून ड्रायव्हरपर्यंत पोचणारा आवाज स्वयंपाकघरापर्यंतही जाईना. तेव्हा नवऱ्याने सायकलच्या हँडलवरची घंटी काढली आणि खाटेच्या कठड्यावर घट्ट बसवून दिली. नवरा लिफ्टची देखभाल करायचा, त्यामुळे स्क्रू घट्ट बसवणे हा त्याच्या प्रेमाचा एक प्रकार होता. सासूबाईंनी लगेच नियम केला. एक घंटी म्हणजे थांबा आणि इकडे या. डबल बेल म्हणजे चला. आणि डबल बेल मिळाल्याशिवाय फाटकातून सायकल हलणार नाही.

घंटी गेल्यामुळे सायकल मुकी झाली. सून रस्त्यात कुणी आडवं आलं की तोंडानेच “बाजू! बाजू!” ओरडायची. आधी तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पुढे सवय झाली, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटायला लागली. कारण एरवी तिचं काम हळू बोलण्याचं. ती इस्पितळात एक्सरे काढायची. अंधारलेल्या खोलीत दिवसभर तेच: हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. येणारा माणूस घाबरलेला, तेव्हा आवाज मऊ ठेवायचा. कामाच्या वेळेपुरती सासूबाईंपाशी एक बाई बसायची; घरी येऊन पुन्हा औषधं, अंथरूण, कपडे. मुलगी बाहेरगावी शिकायला, ती फोनवर भेटायची. या सगळ्यात मनाला येईल तेवढ्या मोठ्याने ओरडायची सोय फक्त त्या रस्त्यावर होती.

सायकल एकच होती. दुसरी घेऊन करायचं काय? दोघांपैकी एकाला घरी थांबायलाच लागायचं. रविवारी उजाडताच सून निघायची, टाकीपर्यंत जाऊन परत यायची. नवरा आईचं तोंड धुऊन, चहा देऊन फाटकात तयार उभा. सायकल त्याच्या हातात देऊन ती जिना चढायची. मधल्या वारी ज्याला ज्या संध्याकाळी जमेल तो जाई. सीटच्या दांडीवर दोन खुणा होत्या. खालची तिची, लाल नेलपॉलिशची. वरची त्याची, काळ्या चिकटपट्टीची. आलेल्याने सीट पुढच्या माणसाच्या खुणेवर करून सायकल द्यायची, अशी रीत. ती फाटकाशी उतरली की पाय जमिनीला टेकायच्या आत तिचा हात सीटच्या खटक्याकडे जायचा. संसारात एवढी एक गोष्ट ते दोघं न भांडता करत.

टाकी हीच हद्द का, तर त्यापुढे गेलं की दुसऱ्याला वेळ उरत नसे. रविवारीही नवऱ्याला बोलावणं यायचं. लिफ्ट काही वार बघून अडकत नाही. तेव्हा टाकीला वळसा घालायचा आणि मागे फिरायचं. वीटभट्टीपर्यंत दोघंही कधी गेले नव्हते.

आणि घरी आल्यावर हजेरी. शाळेच्या भिंतीचा रंग कोणता? वखारवाल्याचा लंगडा कुत्रा आहे का अजून? पुलाखाली पाणी आहे का नुसतं शेवाळ? सासूबाई एकाला विचारायच्या, लक्षात ठेवायच्या आणि तेच दुसऱ्याला विचारून ताडून पाहायच्या. नवरा याला उलटतपासणी म्हणायचा. सुनेला मात्र ते आवडायला लागलं होतं. बाहेर जाऊन आलेल्या बाईला “कुठे गेली होतीस?” असं विचारणारी माणसं चिक्कार असतात. पण त्यांच्या विचारण्यात काय असतं, ते बाईला बरोबर कळतं. सासूबाईंना खरोखरच उत्तर हवं असायचं. सगळं, सुरुवातीपासून, काही न गाळता. इतकं तिचं आयुष्यात कुणीच ऐकून घेतलं नव्हतं. आईने नाही, नवऱ्याने तर नाहीच नाही.

थंडीत सासूबाईंच्या छातीत कफ साठला. इस्पितळात ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, आता जपायला हवं, एकटं अजिबात सोडू नका. त्याच आठवड्यात नणंदेचा फोन आला. तिला कुणीतरी रस्त्यात सूनबाई सायकलवरून “बाजू बाजू” ओरडत जाताना दिसल्याचं सांगितलं होतं.

“वहिनी, आईची ही अवस्था, आणि तुला सायकल सुचते?”

सुनेकडे उत्तर नव्हतं असं नाही. पण ते जिभेवर येईपर्यंत तिने फोन नवऱ्याकडे दिला होता. नवरा पाचसहा वेळा “हो, हो” म्हणाला. मग फोन ठेवून, खिडकीबाहेर बघत म्हणाला, “काही दिवस बंद ठेवूया का आपण? दोघंही. उगाच बोल कशाला लावून घ्यायचा?”

“ठेवूया,” ती म्हणाली.

सायकल जिन्याखाली गेली. सीट काळ्या पट्टीवर, म्हणजे शेवटी ती फिरून आली होती. पहिल्या रविवारी तिने कपाटं आवरली. दुसऱ्या रविवारी आवरलेली कपाटं पुन्हा आवरली. इस्पितळात एका म्हाताऱ्या गृहस्थांना “श्वास धरून ठेवा” म्हणाली आणि “सोडा” म्हणायला विसरली. ते बिचारे लाल होईपर्यंत धरून राहिले. शेवटी सहकारी धावत आली. सगळे हसले. सूनही हसली आणि मग औषधांच्या खोलीत जाऊन रडली. कशासाठी रडतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचीच तिला लाज वाटत होती. लोक कशाकशासाठी रडतात! आपण एका सायकलसाठी?

पुढच्या रविवारी दुपारी तिने मऊ भाताचा चमचा पुढे केला, तर सासूबाईंनी तोंड मिटून घेतलं.

“काय झालं? गरम आहे?”

“वखारीपाशी काय आहे?”

“मी गेले नाही आई. तुम्हाला बरं नाही ना.”

“मला बरं नाही हे मला माहितेय. तुला काय झालंय?” सासूबाईंनी दम खाल्ला. एका दमात एवढंच जमायचं; पुढचं थांबत थांबत. “माझी मुलगी बोलली ना काही? मला ऐकू येतं सगळं. आवाज गेलाय, कान नाही गेले. ती येते का इथे भांडं धरायला? नाही ना? मग तिचं काय ऐकतेस! हे बघ, मी आयुष्यभर लोकांना सांगत आले, पुढे सरका, पुढे सरका. आता तू माझ्या खाटेला टेकून थांबलीस, तर शोभतं का मला? तू सायकल बंद केलीस तर मी जेवण बंद करणार.”

“आई, काहीतरीच काय!”

“करून बघ.” तोंड पुन्हा बंद.

म्हातारीने खरंच दुपारचं खाल्लं नाही. संध्याकाळी नवऱ्याने काकुळतीला येऊन शब्द दिला, तेव्हा दोन चमचे भात गेला. तिसऱ्या चमच्याला त्या म्हणाल्या, “आणि ऐका. टाकीच टाकी ऐकून कंटाळा आलाय मला. शेवटच्या स्टॉपला जा कुणीतरी. तिथे पत्र्याची शेड होती, आम्ही बसायचो चहाला. शेडला लागून बोरीचं झाड होतं. गाडी वळताना फांद्या खिडकीतून आत यायच्या, माणसं बोरं तोडायची. आहे का बघा ते झाड.”

“मला बदली सुट्टी मिळणार आहे आई,” सून म्हणाली. “अख्खा दिवस. तेव्हा मी जाऊन येते.”

“नक्की?”

“नक्की.”

सासूबाईंनी डबल बेल दिली. जणू ती आत्ताच निघाली होती.

सुट्टी मिळाली. त्या दिवशी नवऱ्यानेही सवड काढली, घरी थांबतो म्हणाला. सुनेने पहाटे उठून सायकलच्या टायरात हवा भरली, बूट काढून ठेवले, आणि आदल्या रात्रीचं जागरण होतं म्हणून पाच मिनिटं पाठ टेकते म्हणाली. जागी झाली तेव्हा उन्हं पार भिंतीवरून उतरून जमिनीवर आली होती. कुणी उठवलं नव्हतं. ती धडपडत पुढच्या खोलीत गेली.

“मला उठवायचं नाही का?” ती नवऱ्यावर खेकसली.

“आईच नको म्हणाली,” तो म्हणाला.

सासूबाई खिडकीकडे तोंड करून पडल्या होत्या. “घोरत होतीस,” त्या म्हणाल्या. “कामावरून आल्यावर मीही अशीच घोरायचे. बस पळत नाही कुठे. पुढच्या सुट्टीला जा.”

पुढची सुट्टी यायच्या आत सासूबाई गेल्या. एका साध्या कामाच्या वारी, भल्या सकाळी. सून अंधारखोलीत एका मुलाचा मोडलेला हात फळीवर ठेवत होती, तेव्हा नवऱ्याचा फोन आला. तिने आधी मुलाचा हात नीट ठेवला, फोटो काढला, मग फोन घेतला. नंतर तिला वाटत राहिलं की आपण फोन आधी घ्यायला हवा होता. त्याने काय फरक पडला असता, हे काही तिला सांगता आलं नसतं.

येणारे येऊन गेले. नणंद आली, खूप रडली, आणि जाताना वहिनीच्या गळ्यात पडून “तुझ्यामुळे एवढे दिवस निघाले गं” म्हणाली. सुनेने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मनातला राग तेवढ्याने गेला असं नाही, पण जागेवर बसला.

मग घरात कधी नव्हता इतका वेळ आला. तो कुठे ठेवावा कळेना. नवऱ्याने एका इमारतीतल्या बाईंची धूळ खात पडलेली सायकल आणली, साफसूफ केली, साखळीला तेल दिलं आणि जिन्याखाली जुनीच्या शेजारी लावली. “ही तुला. आता दोघं बरोबर जाऊ,” तो म्हणाला. नव्या सायकलला घंटी होती. त्याने सीट बसवली आणि नेलपॉलिश आणून दांडीवर लाल खूण करून दिली. आता या सीटला दुसरं कुणी हात लावणार नव्हतं, खुणेची गरज नव्हती. तिने ते बोलून दाखवलं नाही.

संस्थेची माणसं सोमवारी खाट न्यायला येणार होती. रविवारी सकाळी दोघं पहिल्यांदा बरोबर निघाले. फाटकात दोघांचाही पाय पॅडलवर तसाच थांबला. वर बघायचं नाही असं ठरवून दोघांनी वर बघितलं. खिडकी बंद होती.

“चल,” नवरा म्हणाला.

बरोबर जाणं त्यांना जमेना. तो पुढे जायचा, मग थांबायचा. ती शेजारी आली की काय बोलावं ते सुचायचं नाही. इतकी वर्षं हा रस्ता दोघांनी एकेकट्याने बघितला होता. शाळा गेली. वखार गेली, लंगडा कुत्रा कोवळ्या उन्हात पसरला होता. पुलावर एक म्हैस आडवी आली, तर हँडलवर घंटी असूनही तिने “बाजू!” म्हणून ठोकून दिलं. तेव्हा नवरा हसला. ती हसली. टाकी आली.

आणि टाकीपाशी दोघांनी, एकमेकांना काही न बोलता, न बघता, वळसा घातला आणि परत फिरले. नुसते फिरले नाहीत, जोरात निघाले. उशीर झाला होता. पुलावरून माना खाली घालून, वखारीवरून, शाळेवरून, कुणाच्या तरी अंगावर ओरडत, घामाघूम होऊन फाटकात आले. तिने उतरता उतरता सीटचा खटका उघडून सीट वर ओढली. त्याने आपली सायकल तिच्या अंगावर लोटली आणि बुटांसकट दोन दोन पायऱ्या चढत वर पळाला. 

किल्ली कुलपात फिरल्याचा आवाज आला. मग काही नाही.

ती दोन्ही सायकली धरून फाटकात उभी राहिली. सीट उंच झाली होती. कुणासाठी? तेव्हा तिच्या ध्यानात आलं. दोन सायकली हातात असताना माणसाला खाली बसताही येत नाही. म्हातारीची आठवण तिला आतापर्यंत आली नव्हती असं नाही. पण आज ती वर असायला हवी होती. तिला सांगायचं होतं की कुत्रा आहे, म्हैस होती, टाकीला नवी शिडी लावलीय. आणि वर जाऊन हे विचारणारं कुणी नव्हतं. एक सायकल फाटकाला टेकवून, हाताने तोंड पुसून तिने सीट पुन्हा लाल खुणेवर आणली.

वर खिडकी उघडली. कुणी डोकावलं नाही. जरा वेळाने घंटी वाजली. एकदा. ती जागच्या जागी ताठ झाली. मग बराच वेळ गेला, आणि घंटी पुन्हा वाजली. दोनदा. हात जड होता, सासूबाईंचा नव्हता, पण डबल बेल होती.

नवरा खाली आला. डोळे लाल, तोंडावर पाणी मारलेलं. त्याने आपली सायकल घेतली.

“घंटी काढून आणायची की,” ती म्हणाली. “उद्या खाट नेतील.”

“उद्या काढू.” तो सायकलवर बसला. “पाय दुखतायत का तुझे?”

“नाही.”

“मग चल. शेवटच्या स्टॉपपर्यंत.”

या खेपेला दोघं सावकाश गेले. टाकीशी आल्यावर तिच्या हातांनी आपसूक ब्रेक दाबला. तिने बोटं उचलली आणि टाकी मागे पडली. पुढचा रस्ता अरुंद होता, कडेने मातीचे ढीग. ती नीट बघू लागली. डावीकडे निळ्या दाराचं एकटं घर. मग पंप, बंद. मग उजवीकडे एक बाई चादर झटकत होती, तिने हात वर केला. एकेक गोष्ट ती मनात ओळीने लावत चालली, शेवटच्या स्टॉपपर्यंतच्या क्रमाने, घरी कुणी विचारलं तर काही राहून जायला नको म्हणून.